विश्लेषण : पत्रादेवीच्या अलीकडे जुगार, पलीकडे ‘मनोरंजन’, मग लक्ष ठेवायचे कोणी?

बांद्याहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की काही मिनिटांत पत्रादेवी येते. तिथे सिंधुदुर्ग संपतो आणि गोव्याचा पेडणे तालुका सुरू होतो. सीमा ओलांडल्यावर दारूची किंमत बदलते, गाड्यांच्या नंबर प्लेटवरची अक्षरे बदलतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कायदाही बदलतो, तो मात्र सहज दिसत नाही. पैसे लावून रुलेटचे चक्र फिरवणे हा महाराष्ट्रात पोलिसांनी छापा टाकण्याचा विषय आहे. तासाभराच्या अंतरावर, पणजीच्या मांडवी नदीत, तोच सरकारी परवाना घेऊन आणि कर भरून चालणारा धंदा आहे.

मग या धंद्यावर लोकप्रतिनिधींचे लक्ष असते का? जुगार आणि करमणूक यांच्यावर देखरेख करणारी विधिमंडळाची एखादी समिती आहे का? आणि सीमेवरच्या गावातला तरुण तिथे पैसे हरला, तर त्याचा प्रश्न कोणत्या सभागृहात विचारायचा?

कॅसिनोत ‘पर्यटक’ कोण? बांदेकर की पेडणेकर?

गोव्याच्या विधानसभेने २०१२ मध्ये जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती केली. कॅसिनोत पर्यटकांनाच प्रवेश असावा, स्थानिकांना नसावा, हा तिचा गाभा होता. ही तरतूद कागदावरच राहिली. अखेर मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास बंदी लागू केली. राज्य कर आयुक्तांकडेच ‘गेमिंग कमिशनर’ म्हणून देखरेखीची जबाबदारी देण्यात आली.

याचा सीमेवर होणारा परिणाम पाहा. पेडण्यातला रहिवासी कॅसिनोत खेळू शकत नाही. त्याच्यापासून काही किलोमीटरवर, बांद्यात किंवा दोडामार्गात राहणारा त्याचा मावसभाऊ मात्र वयाची अट पूर्ण केली आणि महाराष्ट्राचे ओळखपत्र दाखवले की ‘पर्यटक’ ठरतो. भाषा तीच, सोयरीक तीच, कदाचित नोकरीही एकाच कारखान्यात. फरक आधार कार्डावरच्या पत्त्याचा.

हेच कार्ड दुसऱ्या एका दारात उलटे काम करते. सिंधुदुर्गातले असंख्य रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयावर अवलंबून आहेत. गोवा सरकारने जानेवारी २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना तिथे शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले होते. म्हणजे रुग्णालयात आपण ‘बाहेरचे’ म्हणून पैसे भरतो आणि कॅसिनोत ‘बाहेरचे’ म्हणूनच आपले स्वागत होते.

गोव्याच्या आमदारांना दोष देण्यासाठी हे सांगितलेले नाही. त्यांनी आपल्या मतदाराचे रक्षण केले, ते त्यांचे कामच आहे. बांद्याच्या मतदाराचे रक्षण करणे हे ज्यांचे काम, त्यांच्याकडे या विषयासाठी कोणती यंत्रणा आहे, हा खरा प्रश्न आहे.

गोव्यात कॅसिनो कायद्यात बसले कसे?

गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ सालचा. मूळ कायद्याचा उद्देश जुगार रोखणे हाच होता. १९९२ मध्ये त्यात ‘१३-अ’ हे कलम घालण्यात आले आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्यानंतर १९९६ च्या दुरुस्तीने किनाऱ्यापासून दूर, जहाजांवर टेबलवरचे खेळही चालवता येतील अशी सोय झाली.

कलमातली शब्दरचना लक्षात घेण्यासारखी आहे. हॉटेलातल्या यंत्रांचा उल्लेख त्यात ‘इलेक्ट्रॉनिक करमणूक’ या अर्थाच्या शब्दांनी केला आहे. जुगारबंदीचा कायदा तसाच राहिला, फक्त त्याच्या पोटात करमणुकीच्या नावाने एक दार उघडले गेले. जमिनीवरच्या कॅसिनोंत पत्ते आणि रुलेटच्या यंत्रावर चालणाऱ्या आवृत्त्या दिसतात आणि हाताने पत्ते वाटणारी खरीखुरी टेबले जहाजांवर असतात, त्याचे मूळ या कलमात आहे.

‘किनाऱ्यापासून दूर’ या शब्दांचा अर्थ प्रत्यक्षात मांडवी नदीचे पात्र असा झाला. आज तिथे सहा तरंगते कॅसिनो आहेत. ते नदीतून हलवण्याच्या घोषणा अनेक सरकारांनी केल्या आणि नदीत थांबण्याची मुदतही अनेकदा वाढवून दिली.

दरम्यान केंद्रबिंदू उत्तरेकडे, म्हणजे आपल्याकडे सरकतो आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. पेडणे तालुक्यातच धारगळ येथे कॅसिनो उद्योगातल्या डेल्टा कॉर्प समूहाच्या भव्य रिसॉर्टच्या प्रस्तावावरून वाद झाला. पणजी बांद्यापासून तासाभरावर असेल, धारगळ त्याहूनही जवळ आहे.

महाराष्ट्रात कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील ३४ व्या नोंदीत ‘पैज व जुगार’ हा विषय आहे. म्हणजे याबाबत कायदा करण्याचा अधिकार राज्यांचा. त्यामुळेच एकाच देशात एका बाजूला गुन्हा आणि दुसऱ्या बाजूला परवाना, हे शक्य होते. सरकारी लॉटरी मात्र केंद्रसूचीत, ४० व्या नोंदीत आहे.

महाराष्ट्रात आजही मुख्य कायदा १८८७ चा आहे, जुगार प्रतिबंधक कायदा. मटक्याच्या चिठ्ठ्या सापडल्या, जत्रेत कोपऱ्यात पट मांडला, पत्त्यांच्या अड्ड्यावर छापा पडला, की पोलीस याच कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, असे त्याचे कलम १३ सांगते. ‘रमी कौशल्य की नशीब’ या वादाची मुळे अशा तरतुदींत आहेत.

कायदा तयार झाला तेव्हा टेलिफोनही दुर्मीळ होता. त्यानंतर १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावांशी जोडला गेलेला मटका आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-बंद भावांवर लागणारे आकडे नंतर मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर लागू लागले. त्यानंतर मोबाइल आला. कायदा मात्र अड्डा, छापा आणि जप्त मुद्देमाल याच चौकटीत राहिला.

यात आणखी एक गुंता आहे. जुगार गृह खात्याकडे. घोड्यांच्या शर्यतींसाठी १९१२ चा वेगळा कायदा. १२ एप्रिल १९६९ पासून चालणारी महाराष्ट्र राज्य लॉटरी वित्त खात्याकडे. करमणुकीच्या ठिकाणांचे परवाने पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालच्या नियमांनुसार. करमणूक शुल्क १९२३ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकारी कार्यालयाकडे होते, ते २०१७ मध्ये जीएसटीत विलीन झाले. त्याच वेळी घटनादुरुस्तीने करमणुकीवर कर लावण्याची राज्यसूचीतली मुभा ग्रामपंचायती व नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांनी आकारायच्या करापुरती शिल्लक ठेवली. एका विषयाचे इतके वाटेकरी झाले, की संपूर्ण चित्र एकाही टेबलावर येत नाही.

४७ वर्षे झोपलेला कायदा

अनेक वाचकांना हे नवल वाटेल, पण महाराष्ट्रानेही कॅसिनोंचा कायदा केला होता. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, साल १९७६. म्हणजे गोव्याने जुगार कायदा केला त्याच वर्षी. विधिमंडळाने तो मंजूर केला, राजपत्रात प्रसिद्धही झाला. मात्र तो कोणत्या तारखेपासून लागू होईल, हे सरकारने अधिसूचना काढून ठरवायचे होते. ती अधिसूचना कधीच निघाली नाही.

बहुतेक कायद्यांत ‘राज्य शासन ठरवील त्या दिवसापासून अमलात येईल’ असे एक साधे वाक्य असते. वाचताना आपण ते ओलांडून पुढे जातो. पण या वाक्यामुळे विधिमंडळाने केलेला कायदा सरकार बेमुदत थांबवून ठेवू शकते. कॅसिनो कायद्याचे तेच झाले. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले. कायदा लागू करा, अशी मागणी अधूनमधून होत राहिली, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. कोणत्याही सरकारने तो लागू केला नाही आणि रद्दही केला नाही.

अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा निरसित करण्याचा निर्णय घेतला आणि त्याच वर्षी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात निरसनाचे विधेयक मंजूर झाले. महाराष्ट्रात कॅसिनो नको, हे राज्याचे अधिकृत धोरण आता स्पष्ट आहे.

महसुलाचा मोह सोडून घेतलेला हा निर्णय अनेकांना पटेल. तरीही एक मुद्दा उरतो. १९७६ चा कायदा नियंत्रणाचाही होता. तो गेला, पण सीमेपलीकडचे कॅसिनो तिथेच आहेत आणि त्यांची जाहिरात आपल्या मोबाइलवर रोज दिसते. कॅसिनो राज्यात नसले तरी कॅसिनोत हरलेली माणसे राज्यात राहतात.

विधिमंडळात जुगारासाठी समिती आहे का?

थेट उत्तर : स्वतंत्र समिती नाही.

महाराष्ट्र विधिमंडळात विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य. सगळे काम सभागृहात होऊ शकत नाही, म्हणून समित्या असतात. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायती राज, आश्वासन, विनंती अर्ज, उपविधान या त्यांपैकी काही. पंचायती राज समितीचा दौरा आला की जिल्हा परिषदेत कशी धावपळ उडते, हे सिंधुदुर्गात अनेकांनी पाहिले आहे. अधिकाऱ्यांना बोलावणे, कागद मागवणे, साक्ष नोंदवणे आणि सभागृहाला अहवाल देणे ही समितीची ताकद.

जुगार आणि करमणूक हा विषय यांपैकी चार समित्यांच्या कक्षेत तुकड्या-तुकड्याने येतो.

लोकलेखा समिती : महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालांच्या आधारे काम करते. लॉटरीचा महसूल, करवसुलीतल्या त्रुटी इथे येऊ शकतात. पण पैसा जमा झाला की नाही, हे तपासताना तो कोणाच्या खिशातून आला हा प्रश्न सहसा मागे पडतो.

उपविधान समिती : कायद्याखाली सरकारने केलेले नियम कायद्याच्या मर्यादेत आहेत का, हे पाहते. सरकारने कायदा लागूच केला नाही आणि नियमच केले नाहीत, तर तिच्यापुढे तपासायला फारसे काही राहत नाही. कॅसिनो कायदा इतकी वर्षे निसटला, त्याचे हे एक कारण.

आश्वासन समिती : ‘कारवाई करू’, ‘धोरण आणू’ असे मंत्र्याने सभागृहात सांगितले की त्या वाक्याचा पाठपुरावा करते. त्यासाठी आधी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो.

विनंती अर्ज समिती : नागरिकांचे लेखी म्हणणे सभागृहापर्यंत नेण्याचा हा मार्ग. समित्यांमधली सर्वांत कमी वापरली जाणारी, पण सामान्य माणसाला सर्वांत जवळची.

याशिवाय एखादे विधेयक सखोल तपासायचे असेल तर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली जाते. विशेष जनसुरक्षा विधेयकाचे अलीकडचे उदाहरण आहे. चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, मसुद्यात बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झाले. समितीच्या अंतिम मसुद्याबाबत मतभेद राहिले. पण लोकांना म्हणणे मांडायला खिडकी मिळाली, हे खरे.

मग लॉटरीसाठी नेमलेली आमदारांची समिती कोणती?

२०२५ मध्ये राज्य लॉटरीचा अभ्यास करण्यासाठी माजी अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या अध्यक्षतेखाली आमदारांची समिती नेमण्यात आली. इतर राज्यांत, विशेषतः केरळात, लॉटरीतून सरकारला मोठे उत्पन्न मिळते. महाराष्ट्राची लॉटरी त्या तुलनेत मागे पडली आहे, ही त्यामागची पार्श्वभूमी.

सदस्य आमदार आहेत म्हणून ती विधिमंडळाची समिती होत नाही, हा फरक समजून घ्यायला हवा. विधिमंडळाची समिती अध्यक्ष किंवा सभापतींच्या अखत्यारीत असते आणि सभागृहाला उत्तरदायी असते. सरकारने निर्णय काढून नेमलेली समिती सरकारला शिफारस करते. सरकारने ती स्वीकारावी, बदलावी किंवा कपाटात ठेवावी. एका समितीचे काम सरकारला जाब विचारण्याचे, दुसरीचे सरकारला सल्ला देण्याचे.

विषयाचा भरही वेगळा आहे. ‘उत्पन्न कसे वाढेल’ हा एक अभ्यास झाला. ‘तिकीट घेणारा कोण आहे आणि तो किती घेतो’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचा अभ्यास करणारी समिती सध्या राज्यात नाही.

ऑनलाइन खेळांबाबत संसदेने काय केले?

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमीचा खेळ दिसणारी चित्रफीत पसरली. आपण खेळत नव्हतो, असे त्यांचे म्हणणे होते. वाद वाढला आणि महिनाअखेरीस त्यांच्याकडचे कृषी खाते काढून क्रीडा खाते देण्यात आले. राज्यात चर्चा त्या चित्रफितीची झाली. त्या खेळाला नियम कोणाचा, ही चर्चा मात्र मागे राहिली.

महिनाभरात उत्तर दिल्लीहून आले. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत, २१ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, मग तो नशिबाचा असो वा कौशल्याचा, बंदी आली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, कारण कायदा त्याला पीडित मानतो. देखरेखीसाठी प्राधिकरणाचीही तरतूद आहे.

बंदीचे अनेक पालकांनी स्वागत केले, कंपन्या न्यायालयात गेल्या. पण प्रक्रियेकडेही पाहायला हवे. कोट्यवधी लोकांच्या मोबाइलशी संबंधित हे विधेयक संसदेच्या कोणत्याही समितीकडे न जाता दोन दिवसांत मंजूर झाले. कर्जबाजारी झालेल्या कुटुंबांचे म्हणणे त्यात नोंदले गेले नाही आणि नोकरी गेलेल्या अभियंत्यांचेही नाही. बंदीनंतर परदेशी सर्व्हरवरून चालणाऱ्या, रोज नाव बदलणाऱ्या बेटिंग ॲपचे काय करायचे, याची तपशीलवार साक्ष-तपासणी समितीत होऊ शकली असती.

या कायद्याचा रोख ऑनलाइन खेळांवर आहे. मांडवीतल्या टेबलाला तो लागू नाही.

पैसा कोणाच्या तिजोरीत जातो?

जीएसटी परिषदेने कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि ऑनलाइन गेमिंग यांच्या करासाठी मंत्रिगट नेमला होता. मेघालयाचे मुख्यमंत्री कॉनराड संगमा त्याचे अध्यक्ष होते. बराच वाद झाल्यानंतर जुलै २०२३ मध्ये पूर्ण रकमेवर २८ टक्के कराचा निर्णय झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तो लागू झाला. कॅसिनोत चिप्स विकत घेताना भरलेल्या रकमेवर हा कर लागतो. जिंकलेल्या पैशातून पुन्हा खेळल्यास तो परत लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला.

जीएसटीचे दोन भाग असतात, केंद्राचा आणि राज्याचा. सेवा पणजीत दिली गेली, त्यामुळे राज्याचा वाटा गोव्याला. परवाना शुल्कही गोव्याला. ग्राहक सावंतवाडी तालुक्यातला असला तरी महाराष्ट्राच्या तिजोरीत त्यातले थेट काही येत नाही. त्याने घरचे दागिने गहाण ठेवले असतील, तर ती पतसंस्था मात्र महाराष्ट्रातली असते.

चक्राचे गणित : कॅसिनो कधीच का हरत नाही?

नशीब बाजूला ठेवू. साध्या रुलेटमध्ये शून्य ते ३६ असे ३७ आकडे असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो आला, तर नफा ३५ पट, म्हणजे ३,५०० रुपये. मूळ १०० धरून हातात ३,६०० येतात.

आता समजा, तुम्ही ३७ वेळा तेच केले आणि प्रत्येक आकडा बरोबर एकदा आला. तुम्ही एकूण ३,७०० रुपये लावले, हातात ३,६०० आले. १०० रुपये गेले. प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. दोन शून्ये असलेल्या चक्रात ३८ खाने असतात, तिथे हेच प्रमाण ५ रुपये २६ पैसे होते.

२ रुपये ७० पैसे किरकोळ वाटतात, फसगत इथेच होते. हा तोटा खिशातल्या रकमेवर नसून प्रत्येक डावावर असतो. तेच १०० रुपये तुम्ही तासात ४० वेळा फिरवले, तर उलाढाल ४,००० रुपयांची आणि सरासरी तोटा १०८ रुपयांचा. जितका वेळ जास्त, तितका तोटा निश्चित. म्हणून जेवण, गाणी आणि पेये पॅकेजमध्येच दिली जातात. माणूस टेबलाजवळ थांबला पाहिजे. एखादा एका रात्री जिंकतो, ते खरे असते. पण हे गणित हजारो डावांवर चालते आणि हजारो डाव फक्त कॅसिनोच खेळतो.

इतर ठिकाणी काय करतात?

सिंगापूरने २०१० मध्ये कॅसिनो सुरू केले, पण स्वतःच्या नागरिकांसाठी दारात शुल्क ठेवले. २०१९ पासून ते दिवसाला १५० सिंगापूर डॉलर आहे. तिथे कुटुंबातली व्यक्ती अर्ज करून घरातल्या माणसाचा कॅसिनो प्रवेश बंद करून घेऊ शकते.

ब्रिटनमध्ये लॉर्ड्स सभागृहाच्या विशेष समितीने जुगाराच्या सामाजिक व आर्थिक परिणामांवर साक्षी नोंदवून जुलै २०२० मध्ये अहवाल दिला. पुढे चर्चा होत २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉट खेळांवर एका डावाला पाच पौंड, तर १८ ते २४ वयोगटासाठी दोन पौंड अशी मर्यादा आली. समितीच्या अहवालाने एका रात्रीत काही बदलले नाही, पण वयानुसार मर्यादा घालण्याइतका बारीक विचार अशा प्रक्रियेतूनच होतो.

नेपाळमध्ये मात्र गोव्यासारखेच चित्र दिसते. कॅसिनोत नेपाळी नागरिकांना बंदी आणि मोठा ग्राहक भारतीय.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : प्रत्येक कायदेमंडळ आपल्या माणसाला जपते. शेजारच्याला जपणे त्याच्या कामाचा भाग नसतो.

बांद्यातल्या नागरिकाला काय करता येईल?

आमदारामार्फत प्रश्न : बांदा सावंतवाडी विधानसभा मतदारसंघात येते. सीमाभागातील तरुणांचे जुगारातील कर्ज, परराज्यातील कॅसिनोंच्या महाराष्ट्रातील जाहिराती, यावर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडता येते. मंत्र्याने आश्वासन दिले की ते आश्वासन समितीच्या नोंदीत जाते.

विनंती अर्ज : ग्रामसभेत ठराव करून, सह्यांसह अर्ज आमदाराच्या प्रतिस्वाक्षरीने सभागृहात मांडता येतो. मागणी नेमकी असावी. ‘जुगार बंद करा’ यापेक्षा ‘कुटुंबाच्या अर्जावरून प्रवेशबंदी करता यावी, यासाठी गोवा सरकारशी बोलणी करा’ ही मागणी समितीला तपासता येते.

कर्ज : भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. पैजेत जिंकलेल्या रकमेसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई प्रांतातल्या १८६५ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात पैजेशी जोडलेले पूरक करारही निरर्थक ठरतात. पण कागदावर कर्जाचे कारण काय लिहिले आहे, यावर बरेच अवलंबून असते, म्हणून वकिलाचा सल्ला घ्यावा. विनापरवाना सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

उपचार : जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नोंदलेला आजार आहे. हरलेले वसूल करण्यासाठी पुन्हा खेळणे, घरी खोटे बोलणे, उसनवारी वाढणे ही त्याची लक्षणे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.

पुढे काय?

१९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्याच्या एका खटल्यात, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, असे स्पष्ट केले होते. चमारबागवाला खटला म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे राज्याला जुगारावर बंधने घालण्याचा अधिकार किती, हा वाद सुमारे सात दशकांपूर्वी बऱ्याच अंशी मिटला आहे. अधिकार वापरल्यानंतर त्याचा हिशेब कोण ठेवतो, हे अजून ठरलेले नाही.

महाराष्ट्राने कॅसिनो नाकारले, केंद्राने ऑनलाइन जुगार बंद केला आणि गोव्याने आपल्या लोकांना दारातून परत पाठवले. तिन्ही निर्णयांमधून एक फट उरली आहे आणि ती पत्रादेवीच्या या बाजूला आहे. इथला तरुण स्वतःच्या राज्यात खेळू शकत नाही, मोबाइलवर खेळू शकत नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी मित्राच्या गाडीतून तासाभरात कायदेशीरपणे खेळू शकतो.

यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. दोन राज्यांच्या विधिमंडळ समित्यांनी एकत्र बसून सीमाभागातली साक्ष नोंदवली, सिंधुदुर्गातून कॅसिनोत जाणाऱ्यांची संख्या गेमिंग कमिशनरकडून मागवली आणि कुटुंबाच्या अर्जावर प्रवेशबंदीची सोय केली, तरी सुरुवात होईल. प्रवेशद्वारावर ओळखपत्र आजही तपासले जाते. त्यावरचा पत्ता आज फक्त ‘गोव्याचा नाही ना’ एवढ्यासाठी पाहिला जातो. तो कुठला आहे, हे मोजायला सुरुवात केली तर बांद्याचा आकडाही समोर येईल आणि मग त्यावर प्रश्न विचारता येईल.